‘पगार’ चालवून पाहूं : स्पॅनिश क्रियापदांची ओळख

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडून आठच दिवस झाले होते. एके सायंकाळीं नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. ते जालना शहरांतील एका लोखंडाच्या कारखान्यांत पाळीनें काम करितात. मुलगा मागें खालीं मान घालून उभा होता. वडील म्हणाले, “सर, ह्याच्या डोक्यांत भाषा काय बसत न्हाई. इंग्रजीचीं रूपं येत न्हाईत, संस्कृतचीं येत न्हाईत. कशाला उगी वरीस घालायचं? मिलींत लावून देतो. पगार तर सुरू होईल.” मीं मुलाकडे पाहिलें. तो हळूच म्हणाला, “सर, मी पाठ करायलोय, पण ध्यानांत राहीना.”

त्या दोघांच्या बोलण्यांतील दोन शब्द माझ्या मनांत घर करून राहिले. एक वडिलांचा ‘पगार’ व दुसरा मुलाचा ‘करायलोय’. हा लेख त्या दोन शब्दांतून निघाला आहे. माझ्या डोक्यांत भाषा बसत नाहीं, असें ज्या मुलांस वाटतें व ज्यांच्या आईबापांस त्यांच्याविषयीं तसें वाटतें, त्यांच्यासाठीं तो विशेषेंकरून लिहिला आहे.

प्रथम ‘पगार’ घेऊं. हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे कीं, तो परका आहे हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. पोर्तुगीज लोकांनीं १५१० मध्यें गोवा घेतला. पुढें वसई १५३४ पासून चिमाजी अप्पांनीं ती १७३९ मध्यें जिंकीपर्यंत त्यांच्या ताब्यांत होती. त्यांच्या सहवासानें किनाऱ्यावर जे शब्द उतरले, ते घाट चढून आपल्या मराठवाड्यापर्यंत आले. बटाटा त्यांपैकींच, चावी त्यांपैकींच आणि पगारहि त्यांपैकींच. पोर्तुगीज भाषेंत ‘पागार’ हें क्रियापद आहे. त्याचा अर्थ ‘पैसे देणें, देणें चुकतें करणें’. त्याचें मूळ ‘शांत करणें’ अशा अर्थाच्या लॅटिन धातूंत आहे. ज्याचें देणें आहे त्यास तें देऊन शांत करणें, असा त्यांतील भाव.

पोर्तुगीज भाषेची सख्खी बहीण स्पॅनिश. मराठी आणि कोंकणी यांचें जसें नातें, तसेंच या दोघींचें. स्पॅनिश भाषेंतहि ‘पागार’ हा शब्द त्याच अर्थानें आहे. आज सुमारें वीस देशांचा कारभार या भाषेंत चालतो आणि जवळजवळ पन्नास कोटि लोकांची ती मातृभाषा आहे. आपल्या भागासहि ही भाषा बोलणारे लोक अगदींच अपरिचित नाहींत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत १९२२ पासून इतिहास शिकविणारे व १९२६ मध्यें तेथें इतिहाससंशोधनाची संस्था काढणारे फादर हेरास हे स्पेनचे. आपल्याच लोहमार्गावरील मनमाडच्या परिसरांत शेतकऱ्यांस विहिरींसाठीं साह्य करणारे फादर व्हिन्सेंट फेरर हेहि स्पेनचे. ते १९५२ मध्यें मुंबईस आले. १९६८ मध्यें त्यांस हा देश सोडावा लागला, व १९६९ मध्यें परत येऊन त्यांनीं अनंतपूर येथें आपलें काम आरंभिलें. या मंडळींस आपला देश व आपलीं माणसें प्रौढ वयांत समजून घ्यावीं लागलीं. मग त्यांच्या भाषेंतील चार रूपें आपण कां समजून घेऊं नयेत?

आतां मूळ विषयाकडे वळूं. क्रियापदाचे दोन भाग असतात : एक धातु व दुसरा प्रत्यय. धातु काय घडतें तें सांगतो. कोण करितो आणि केव्हां करितो हें प्रत्यय सांगतो. मराठींत ‘देणें’ यांतील ‘णें’ काढला कीं ‘दे’ उरतो. स्पॅनिश भाषेंत ‘णें’च्या जागीं तीन प्रत्यय आहेत : ‘आर’, ‘एर’ आणि ‘इर’. त्यांवरून सर्व क्रियापदांचे तीन वर्ग पडतात. प्रत्येक वर्गाचें एकेक उदाहरण घेऊं.

पहिला वर्ग : पागार, म्हणजे पैसे देणें. धातु ‘पाग’.
दुसरा वर्ग : कोमेर, म्हणजे खाणें. धातु ‘कोम’.
तिसरा वर्ग : बिबिर, म्हणजे जगणें, राहणें. धातु ‘बिब’.

हा तिसरा शब्द रोमन लिपींत ‘व’नें लिहितात, परंतु स्पॅनिश लोक त्याचा उच्चार ‘ब’ असा करितात. संस्कृतांतील ‘जीव्’ धातु आणि हा धातु हे दोन्ही एकाच फार प्राचीन मूळापासून निघाले आहेत. लेखनाविषयीं एकच सूचना. स्पॅनिश लिपींत कांहीं स्वरांवर आघात दाखविण्यासाठीं तिरपी रेघ काढतात. तशा स्वरापुढें मीं येथें ऽ हें चिन्ह घातलें आहे. तेथें आवाजाचा जोर द्यावा.

वर्तमानकाळ असा चालतो :

मी : पागो, कोमो, बिबो
तूं : पागास, कोमेस, बिबेस
तो, ती : पागा, कोमे, बिबे
आम्ही : पागामोस, कोमेमोस, बिबिमोस
तुम्ही : पागाऽइस, कोमेऽइस, बिबीऽस
ते, त्या : पागान, कोमेन, बिबेन

हें कोष्टक पाठ करण्यापूर्वीं क्षणभर नुसतें पाहा. ‘तूं’च्या ओळींत शेवटीं सर्वत्र ‘स’ आहे. ‘आम्ही’च्या ओळींत सर्वत्र ‘मोस’ आहे. ‘ते’च्या ओळींत सर्वत्र ‘न’ आहे. आतां संस्कृतचें पुस्तक उघडा : पठसि, पठामः, पठन्ति. ‘सि’चा ‘स’, ‘मः’चा ‘मोस’ आणि ‘न्ति’चा ‘न’ हें साम्य योगायोगाचें नव्हे. संस्कृत व लॅटिन या एकाच प्राचीन कुळांतील भाषा आहेत आणि स्पॅनिश ही लॅटिनची लेक आहे. जो विद्यार्थी ‘पठामि पठसि पठति’ला कंटाळतो, त्यास ठाऊक नसतें कीं, त्याच्या हातांतील किल्ली सातां समुद्रांपलीकडचें कुलूपहि उघडते.

प्रत्ययावरूनच कर्ता कळत असल्यामुळें स्पॅनिश माणूस ‘मी’, ‘तूं’ हे शब्द बहुधा उच्चारीत नाहीं. नुसतें ‘पागो’ म्हटलें कीं ‘पैसे मी देतों’ असें झालें. आपणहि असेंच करितों. “येतोस का?” “हो, येतों.” या संभाषणांत ‘तूं’ नाहीं व ‘मी’ नाहीं, तरी घोटाळा होत नाहीं. इंग्रजीची संवय झालेल्या मुलास मात्र हें मुद्दाम सांगावें लागतें.

एका बाबतींत स्पॅनिश भाषा मराठीहून सोपी आहे. आपल्याकडे मुलगा ‘देतो’ म्हणतो, मुलगी ‘देते’ म्हणते. स्पॅनिश क्रियापदास लिंगभेद नाहीं. बाप म्हणाला तरी ‘पागो’, आई म्हणाली तरी ‘पागो’.

आदरार्थाची रीतहि पाहण्याजोगी आहे. आपण वडील माणसास अनेकवचनानें ‘तुम्ही’ म्हणतों. स्पॅनिश लोक ‘उस्तेद’ म्हणतात. ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा झिजून हा एक शब्द झाला आहे. ‘आपली कृपा’ ही तृतीय पुरुषी ठरते, म्हणून त्यापुढें ‘तो, ती’च्या ओळींतील रूप येतें : ‘उस्तेद पागा’, म्हणजे ‘आपण पैसे देतां’. अनेक जण असतील तर ‘उस्तेदेस पागान’. अमेरिका खंडांतील स्पॅनिश बोलणारे लोक घरींदारीं सर्वत्र ‘उस्तेदेस’च वापरतात. वर दिलेली ‘तुम्ही’ची ओळ मुख्यतः स्पेन देशांत चालते.

आतां भूतकाळ. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यास येथें अडखळावयास होतें, कारण स्पॅनिश भाषेंत साधे भूतकाळ दोन आहेत. मराठी मुलानें मात्र अडखळण्याचें कारण नाहीं. आपल्याकडेहि दोन आहेत. “आजोबांनीं काल पैसे दिले” हें एक वाक्य आणि “आजोबा दर शनिवारीं पैसे देत” हें दुसरें. पहिल्यांत क्रिया एकदां घडली व संपली. दुसऱ्यांत ती नित्य घडत असे. देई, खाई, राही या रूपांस आपले व्याकरणकार रीतिभूतकाळ म्हणतात. स्पॅनिश भाषेंत नेमका हाच भेद आहे.

एकदां घडून संपलेल्या क्रियेचा भूतकाळ :

मी : पागेऽ, कोमीऽ, बिबीऽ
तूं : पागास्ते, कोमिस्ते, बिबिस्ते
तो, ती : पागोऽ, कोमिओऽ, बिबिओऽ
आम्ही : पागामोस, कोमिमोस, बिबिमोस
तुम्ही : पागास्तेइस, कोमिस्तेइस, बिबिस्तेइस
ते, त्या : पागारोन, कोमिएरोन, बिबिएरोन

रीतिभूतकाळ :

मी : पागाबा, कोमीऽआ, बिबीऽआ
तूं : पागाबास, कोमीऽआस, बिबीऽआस
तो, ती : पागाबा, कोमीऽआ, बिबीऽआ
आम्ही : पागाऽबामोस, कोमीऽआमोस, बिबीऽआमोस
तुम्ही : पागाबाइस, कोमीऽआइस, बिबीऽआइस
ते, त्या : पागाबान, कोमीऽआन, बिबीऽआन

पहिल्या कोष्टकांत तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ‘पागो’ म्हणजे ‘मी देतों’ आणि ‘पागोऽ’ म्हणजे ‘त्यानें दिले’. लिहितांना एका लहानशा रेघेचा फरक, परंतु देणारा बदलतो आणि काळहि बदलतो. दुसरी गोष्ट अशी कीं, पागामोस आणि बिबिमोस हीं रूपें वर्तमानकाळांतहि येतात. तेथें ‘ओय’ म्हणजे आज कीं ‘आयेर’ म्हणजे काल, हें पाहून अर्थ ठरवावा. तिसरी गोष्ट कर्मणि प्रयोगाची. आपण ‘त्यानें आंबा खाल्ला’, ‘त्यानें भाकरी खाल्ली’, ‘त्यानें फळ खाल्लें’ असें म्हणतों. क्रियापद कर्माच्या मागें जातें. स्पॅनिश भाषेंत तें कर्त्यासच धरून राहतें. आंबा असो कीं भाकरी असो, ‘कोमिओऽ’ हेंच रूप. आपली ही कर्मणि रचना परक्या माणसास फार जड जाते. आपलें मूल मात्र शाळेंत येण्यापूर्वींच ती बिनचूक बोलतें. हें त्या मुलाचें केवढें सामर्थ्य आहे, याचा आईबापांनीं विचार करावा.

भविष्यकाळ सर्वांत सोपा. येथें ‘आर’, ‘एर’, ‘इर’ काढावयाचे नाहींत. संपूर्ण शब्दापुढेंच प्रत्यय जोडावयाचे, आणि ते तिन्ही वर्गांस एकच :

मी : पागारेऽ, कोमेरेऽ, बिबिरेऽ
तूं : पागाराऽस, कोमेराऽस, बिबिराऽस
तो, ती : पागाराऽ, कोमेराऽ, बिबिराऽ
आम्ही : पागारेमोस, कोमेरेमोस, बिबिरेमोस
तुम्ही : पागारेऽइस, कोमेरेऽइस, बिबिरेऽइस
ते, त्या : पागाराऽन, कोमेराऽन, बिबिराऽन

असें कां, याची हकीकत मनोरंजक आहे. जुन्या काळीं लॅटिन बोलणारे लोक ‘देणें आहे मजपाशीं’ अशा धर्तीवर दोन शब्द बोलूं लागले. पुढें ते दोन शब्द जुळून एक झाला. आपणहि ‘मी उद्यां देईन’ याऐवजीं ‘मला उद्यां द्यावयाचे आहेत’ असें म्हणतोंच. स्पॅनिश भाषेंतील ते जुने साह्यकारी क्रियापद आजहि स्वतंत्रपणें जिवंत आहे. त्याचीं रूपें अशीं : ए, आस, आ, एमोस, आबेऽइस, आन. वरील भविष्यकाळाचे प्रत्यय यांच्याशीं ताडून पाहा, म्हणजे नातें उघड दिसेल. याच रूपांपुढें पागादो, कोमीदो, बिबीदो हे शब्द ठेवले कीं पूर्ण वर्तमानकाळ होतो : ‘ए पागादो’ म्हणजे ‘मीं पैसे दिले आहेत’; ‘एमोस कोमीदो’ म्हणजे ‘आम्हीं खाल्लें आहे’.

आतां हिशेब करूं. चार साधे काळ, सहा कर्ते व तीन वर्ग मिळून बहात्तर रूपें झालीं. हा आकडा ऐकून मूल घाबरतें. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांत वर्तमानकाळाच्या दोनच प्रत्ययांचा फरक आहे. बाकी सर्व सारखें. भविष्यकाळ तर तिन्ही वर्गांस समान. तेव्हां शिकावयाचे प्रत्यय चव्वेचाळीसच उरतात. त्यांतहि ‘मोस’ कोठेंहि दिसला कीं ‘आम्ही’, आणि शेवटीं ‘न’ दिसला कीं ‘ते’, हें एकदां ओळखलें म्हणजे उरलेलें ओझें आणखी हलकें होतें. आणि एवढ्या भांडवलावर सहस्रावधि नियमित क्रियापदें चालवितां येतात.

नियमास न जुमानणारीं क्रियापदेंहि आहेत, हें लपवून ठेवणें बरें नव्हे. असणें, जाणें, करणें या अर्थांचे स्पॅनिश शब्द वरील कोष्टकांत बसत नाहींत. पण आपल्याकडे तरी काय आहे? ‘बसणें’चें ‘बसला’ होतें, मग ‘जाणें’चें ‘जाला’ कां नाहीं, ‘गेला’ कां? जे शब्द दिवसांतून शंभर वेळां तोंडीं येतात, त्यांचीं जुनीं वेडींवांकडीं रूपें लोकांच्या जिभेवर टिकून राहतात. क्वचित् लागणाऱ्या शब्दास तेवढा आधार नसतो. तो मुकाट्यानें नियमाच्या वाटेनें जातो. म्हणून अनियमित शब्द थोडे, पण नेहमींचे असतात. ते वापरानेंच येतात.

आतां त्या मुलाच्या ‘करायलोय’कडे येतों. आपल्या मराठवाड्यांत पुष्कळ ठिकाणीं हें रूप चालतें. पुस्तकांत तें नसतें, म्हणून वर्गांत त्यास हंसतात. मीहि पूर्वीं तें खोडून ‘करीत आहें’ असें लिहावयास लावीत असें, आणि त्यापलीकडे कांहीं सांगत नसें. त्या सायंकाळीं मीं मुलास विचारिलें, “तूं करायलोय म्हणालास. मग मित्राला काय विचारशील?” तो म्हणाला, “काय करायलास?” “आणि बहीण?” “करायलीय.” “तुम्ही सगळे?” “आम्ही करायलोत.” “आणि ते?” “ते करायलेत.” मीं म्हटलें, “हेंच तर क्रियापद चालविणें. हें तुला कोणीं पाठ करून दिलें?” तो प्रथमच हंसला.

लेखी परीक्षेंत प्रमाण भाषा लिहिली पाहिजे, हें खरेंच. परंतु घरची बोली म्हणजे नियमाविना बोललेली भाषा, ही समजूत चुकीची आहे. ज्या डोक्यांत ‘करायलोय, करायलास, करायलाय’ हा क्रम आपोआप बसला, त्या डोक्यांत कोणत्याहि भाषेचा क्रम बसूं शकतो. उणें असतें तें डोक्यांत नसून आमच्या शिकविण्यांत असतें. आम्ही कोष्टक आधीं देतों व वाक्य मागून देतों, किंवा देतच नाहीं. मूल भाषा शिकतें तें मात्र वाक्यांतून.

म्हणून अभ्यासाची रीत एवढीच सांगतों. एका दिवशीं एकच काळ घ्यावा. सहा रूपांचीं सहा वाक्यें घरच्या व्यवहारांतील करावीं : दुधाचे पैसे कोण देतें, भाकरी कोण खातें, मामा कोठें राहतात. तीं मोठ्यानें म्हणावीं. दुसऱ्या दिवशीं तींच वाक्यें ‘काल’ घालून म्हणावीं, तिसऱ्या दिवशीं ‘उद्यां’ घालून म्हणावीं. कोष्टक शेवटीं स्वतःच्या हातानें लिहावें; तोंवर तें अर्धें पाठ झालेलेंच असतें. ही रीत इंग्रजीस चालते, संस्कृतासहि चालते. आईबापांस ती भाषा येत नसली तरी चालेल. मुलानें मोठ्यानें म्हटलेलें ऐकावयास त्यांनीं दहा मिनिटें जवळ बसावें, एवढें पुरे.

त्या दिवशीं मीं त्या वडिलांस ‘पगार’ शब्दाची हकीकत सांगितली. ते म्हणाले, “म्हणजे आम्ही रोज दुसऱ्याची भाषा बोलायलोत म्हणा की!” मीं म्हटलें, “भाऊ, जो शब्द आपण रोज वापरतों तो आपलाच. मुलगा अजून दोन वर्षें शाळेंत राहूं द्या. पगार कोठें जात नाहीं.” त्यांनीं विचार करून सांगतों म्हटलें. दुसऱ्या दिवशीं मुलगा वर्गांत आपल्या जागीं बसला होता.

दिवाळीच्या सुटीपूर्वीं त्यानें आपली वही मजपुढें ठेविली. संस्कृतचीं रूपें त्यानें वाक्यांसह लिहिलीं होतीं. दोन चुका होत्या. वहीच्या शेवटच्या पानावर, मीं न सांगतां, त्यानें एक स्पॅनिश ओळ लिहिली होती : “मि पाद्रे पागा.” म्हणजे “माझे वडील पैसे देतात.” तिच्याखालीं दुसरी ओळ होती, एकाच शब्दाची : “पागारेऽ.” ती मीं येथें मुद्दाम मराठींत उतरवून देत नाहीं. वरील कोष्टकांत पाहून विद्यार्थ्यांनीं तिचा अर्थ लावावा, आणि तो आपल्या आईबापांस वाचून दाखवावा.